इंग्लंडमधलं खेडं: तुमच्या आठवणी, घरच्यांच्या आठवणी

नमस्कार मंडळी. इंग्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लंडन येतं, फार तर लेस्टर. पण आपल्यातले काहीजण तिथल्या खेड्यांत वाढलेत. कुणाचे वडील डॉक्टर होते, जागा मिळाली तिथे गेले. कुणी तिथल्या घरात सून किंवा जावई म्हणून गेलं. तुमचं लहानपण, सासरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं, जुन्या कागदांत सापडलेलं, काहीही लिहा. हयात माणसांची नावं मात्र टाळा. आणि स्कोन, चहा, दारावरची गुलाबाची वेल हे सगळं कॅलेंडरवर बघून झालंय, ते नको!

*

मी सुरुवात करते. बाबा डर्बीशायरमध्ये जीपी होते. गावात भारतीय घर आमचं एकच. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत, त्यामुळे कोण खोकतंय ते मला जिन्यात बसून ओळखता यायचं. शाळेत सकाळी दुधाची छोटी बाटली मिळायची. हिवाळ्यात दूध गोठायचं, मग बाई बाटल्या रेडिएटरपाशी ठेवायच्या. ते कोमट दूध आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पानगळीत हॉर्स चेस्टनटच्या बिया दोरीत ओवून एकमेकांच्या बियांवर आपटायचा खेळ, कॉंकर्स. बी कडक व्हावी म्हणून भाऊ ती व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा. बाटली रिकामी सापडली की बोलणी मात्र मला.

पण लिहायचं होतं ते 1976च्या उन्हाळ्याबद्दल. मोठा दुष्काळ पडला होता. गवत वाळून काडी झालेलं, जिकडेतिकडे लाल-काळे लेडीबर्ड किडे. एका रविवारी बाबा आम्हाला लेडीबॉवरचं धरण दाखवायला घेऊन गेले. 1940च्या दशकात ते भरलं तेव्हा डरवेंट आणि अॅशॉप्टन ही दोन गावं पाण्याखाली गेली. त्याआधी डरवेंटच्या चर्चच्या आवारातले मृतदेह उकरून बॅमफर्डला नेऊन पुरले. एका जुन्या पुलाचे दगड सुटे करून तो वरच्या अंगाला पुन्हा उभारला. चर्चचा मनोरा काही वर्षं पाण्यात तसाच उभा होता, 1947 साली सुरुंग लावून पाडला. त्या दिवशी चिखलातून भिंतींचे पाये वर आले होते आणि लोक काठावर सँडविच खात बसले होते.

बाबा पार चिखलाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. त्यांचं आजोळ कोयनेच्या शिवसागरात गेलंय. आईने थर्मासमधला चहा ओतून ठेवला, तो तसाच गार झाला. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "यांनी मढी तरी नेली."

*

नॉरफकची सून बोलतेय. नवऱ्याला घराण्यात रस शून्य, शोध मलाच लागला. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही पाहिली होती, तेव्हापासून हे वेड. इंग्लंडमध्ये 1538पासून प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम होता. सगळ्या टिकल्या नाहीत, पण टिकल्या त्या वाचताना वेळेचं भान राहत नाही.

सासरचे लोक "आम्ही पूर्वापार शेतकरी" असं ऐटीत सांगायचे. 1841च्या जनगणनेत व्यवसायाच्या रकान्यात निघालं 'अॅग लॅब'. म्हणजे शेतमजूर! त्या काळच्या खेड्यांत पानंच्या पानं हाच शब्द भेटतो. लग्नाच्या नोंदीत सहीऐवजी फुली. सासूबाईंनी ती फुली बघितली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली. आणखी एक गंमत: त्या गणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. तेव्हा 35 दिसलं तर माणूस 39चाही असू शकतो. मी या घोळात दोन महिने चुकीच्या माणसामागे फिरले.

एका बाळाच्या बाप्तिस्म्यापुढे 'बेस बॉर्न' लिहिलंय. बिनलग्नाचं मूल. बापाचं नाव नाही. पुढे त्याच मुलाच्या लग्नाच्या नोंदीत वडिलांचा रकाना कोरा आहे. आणि जिने त्याला वाढवलं तिचं नाव लिहायला तिथे जागाच नाही. लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला 2021 उजाडलं. त्र्यंबकच्या वहीत तरी आमच्या पणजीचं स्वतःचं नाव कुठे होतं म्हणा, 'भार्या' एवढंच.

*

वरच्या ताईंना एक सूचना. 1931ची जनगणना शोधत बसू नका. ते कागद 1942च्या आगीत जळाले, आणि 1941ला युद्धामुळे गणनाच झाली नाही. 1921नंतर थेट 1939चं रजिस्टर बघा, म्हणजे युद्ध सुरू होताच झालेली घरोघरची नोंद. मी ही अक्कल एक उन्हाळा घालवून विकत घेतलीय.

*

माझं स्वतःचं नाही, केंटमध्ये भाड्याने राहत होतो तिथल्या शेजारच्या आजींचं. त्या मूळच्या पूर्व लंडनच्या. दर सप्टेंबरला आई, मावश्या आणि पोरं मिळून हॉप्स तोडायला केंटला यायची. बिअरमध्ये पडतात ते हॉप्स. वडील गोदीत कामाला, ते फक्त शनिवार-रविवारी यायचे. राहायला पत्र्याच्या खोल्या, गादी म्हणजे पेंढा भरलेली खोळ, स्वयंपाक बाहेर चुलीवर. मजुरी तोडलेल्या मापावर. हात काळे व्हायचे आणि हातात घेतलेला पाव कडू लागायचा. शाळा बुडायची त्याचं कुणाला काही नाही. मी म्हटलं, "आजी, ही तर ऊसतोड!" मग ऊसतोड म्हणजे काय ते समजावण्यात अख्खी संध्याकाळ गेली. टोळ्या, बैलगाड्या, उचल हे सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण उचल त्यांना पटेना. "काम करायच्या आधीच पैसे? मग परत घरी कसे जातात?" त्यांच्या मते त्यांची ती सुट्टी होती. नंतर यंत्रं आली आणि लंडनची माणसं यायची थांबली.

*

नॉरफकची सून पुन्हा. 1939च्या सूचनेबद्दल आभार, लगेच बघितलं. सासूबाईंच्या आईपुढे 'विनावेतन घरकाम' असा शेरा आहे. सासूबाई म्हणाल्या, "ती कोंबड्या पाळायची, गावाचे कपडे धुवायची आणि बटाटे काढायला जायची." त्याचा वेगळा कागद करून मी फाईलला लावलाय. खाली सही सासूबाईंची घेतली, फुली नाही.