दगडी वाड्यातील मेश वाय-फाय: सेटिंगमध्ये नेमके काय चुकते आहे?

माडीवरचा (शनिवार पेठ, सातारा)

सप्रेम नमस्कार. आमच्या वाड्याच्या पुढच्या भागातील भिंती काळ्या दगडाच्या आणि सुमारे दोन फूट जाडीच्या आहेत. परसदारी मात्र अलीकडे बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या आहेत. फायबर ओसरीत येते. तेथे कनेक्शन देणाऱ्याने बसविलेला राऊटर असून त्याला मी तीन नगांच्या ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणाऱ्या) मेश संचाचे, म्हणजे मिळून घरभर एकच वाय-फाय देणाऱ्या युनिटांचे, मुख्य युनिट वायरने जोडले आहे. दुसरे युनिट माडीवर आणि तिसरे परसदारच्या खोलीत ठेवले आहे, कारण माझी मुलगी तेथे बसून पुण्याच्या कंपनीचे काम करते आणि सिग्नलची खरी अडचण तेथेच होती.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. मुख्य युनिटला लॅपटॉप वायरने जोडला तरी वेग ९४ च्या वर जात नाही, परसदारी तो जेमतेम १२ ते १५ मिळतो, आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवून ओसरीतून मागे चालत गेले की माजघरात आवाज तुटतो. ॲपमध्ये चॅनल ३ मोकळा दिसला म्हणून २.४ गिगाहर्ट्झसाठी तो निवडला आणि रुंदी ४० मेगाहर्ट्झ केली. ‘फास्ट रोमिंग’ (फोन एका युनिटवरून दुसऱ्यावर चटकन जाण्याची सोय) चालू केल्यापासून जुना प्रिंटर जोडलाच जात नाही. शिवाय दारावरचा कॅमेरा बाहेरगावी असताना दिसावा म्हणून पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याची वाट) उघडून पाहिले, तेही लागू पडले नाही. कोणती सेटिंग बदलावीत, याचे मार्गदर्शन व्हावे.

वायरमन (करंजे, सातारा)

आपल्या तक्रारीत दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत आणि त्यांपैकी पहिल्याचा वाय-फायशी काहीही संबंध नाही. वायरने जोडूनही वेग ९४ वर अडत असेल, तर वाटेत कोठेतरी जोडणी १०० एमबीपीएसची झाली आहे, असे जवळजवळ खात्रीने समजावे. तशा जोडणीतून प्रत्यक्षात तेवढाच वेग हाती लागतो. गिगाबिटसाठी (१००० एमबीपीएस) वायरीतील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० साठी दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार क्रिम्पिंगमध्ये (टोकाला प्लग दाबून बसविताना) नीट बसली नसली तरी इंटरनेट बंद पडत नाही, फक्त मुकाट्याने खालच्या वेगावर उतरते, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर त्या पोर्टसमोर (वायर खुपसायच्या खाचेसमोर) १०० दिसते की १०००, ते पाहावे. दोन्ही वायरी बदलूनही १०० च राहिले, तर युनिटचे किंवा लॅपटॉपचे पोर्टच तेवढे आहे का, ते तपासावे. स्वस्त संचांत तशी पोर्ट असतात.

दुसरे दुखणे जागेचे आहे. जेथे सिग्नल पोहोचत नाही तेथे युनिट नेऊन ठेवणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. परसदारच्या युनिटला स्वतःलाच मुख्य युनिट नीट ऐकू येत नसेल, तर ते पुढे काय वाटणार? आपल्या मुलीच्या लॅपटॉपवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसत असतील, परंतु त्या शेजारच्या युनिटच्या आहेत. त्या युनिटपासून ओसरीपर्यंतचा दुवा कच्चा आहे. त्यात ड्युअल-बँड संचात युनिटांचे आपापसांतील बोलणे आणि आपल्या उपकरणांशी बोलणे एकाच रेडिओवर चालत असल्याने प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्म्यावर येतो. दगडी भिंतीत ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ पेक्षा जास्त विरते, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की आणखी विरते. तेव्हा तिसरे युनिट माजघरात, ओसरीचे दार समोर दिसेल अशा जागी आणून ठेवावे, म्हणजे लहरींना भिंतीऐवजी दारातून वाट मिळेल. मुख्य युनिटचा सिग्नल त्या जागी −६५ डीबीएमच्या (सिग्नलचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) आसपास मिळाला तर उत्तम. −८० दिसल्यास जागा बदलावी.

कायमचा उपाय मात्र वायरच आहे. दगडाला भोक पाडण्याच्या भानगडीत न पडता बाहेरच्या बाजूने, उन्हापावसात टिकणारी कॅट-६ वायर पाईपातून परसदारी न्यावी. वायर घेताना ती शुद्ध तांब्याची असल्याची खात्री करावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर आणि वारंवार वाकविल्यावर तीच त्रास देते.

विश्रामबागवाला (सांगली)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. केवळ चॅनलबद्दल भर घालतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ एवढेच आहेत. ३ निवडला की १ आणि ६ अशा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट आपण ओढवून घेतो आणि आपला त्यांना देतो. रुंदी ४० केल्यास पट्ट्याचा बहुतेक भाग एकट्याने अडविल्यासारखे होते, त्यामुळे दाट वस्तीच्या पेठेत २० च ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदी चालेल. तेथे ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे गट घ्यावेत. ५२ ते १४४ हे चॅनल रडारच्या वाट्याचेही असल्याने रडारची चाहूल लागताच राऊटरला ते सोडावे लागतात आणि चालू कॉल तुटू शकतो.

कोणत्या युनिटला चिकटून राहायचे याचा अंतिम निर्णय फोन घेतो, राऊटर फक्त सुचवू शकतो. माझ्या विटांच्या घरात तीन युनिटे इतकी जवळ होती की फोन जुने सोडायलाच तयार होईना. एक काढून टाकल्यावर तक्रार संपली. आपल्याकडे नेमके उलटे आहे. दोन युनिटांच्या मध्ये पोकळी पडत असल्याने ‘फास्ट रोमिंग’चा, म्हणजे ८०२.११आरचा, तेथे उपयोग होणार नाही. प्रिंटरसाठी ते बंदच करावे, ८०२.११के आणि व्ही (फोनला योग्य युनिट सुचविणाऱ्या सोयी) असतील तर चालू राहू द्यावेत.

पोवई नाका (सातारा)

कॅमेऱ्याचे कारण दुहेरी नॅट (घरातल्या उपकरणांचे पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे झाकण्याची रीत) असावे. कनेक्शनवाल्याचा राऊटर आणि आपले मुख्य युनिट दोघेही पत्ते वाटत आहेत, त्यामुळे आतल्या युनिटवर पोर्ट उघडले तरी बाहेरच्या राऊटरवर ते बंदच राहते. बाहेरचा राऊटर ब्रिज मोडमध्ये (पत्ते न वाटता जोडणी फक्त पुढे देण्याच्या अवस्थेत) टाकून घ्यावा आणि पीपीपीओईचे (कनेक्शनच्या लॉगिनचे) नाव व पासवर्ड आपल्या युनिटमध्ये भरावेत, किंवा मेश संच ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (पत्ते न वाटता फक्त वाय-फाय देण्याच्या अवस्थेत) चालवावा. दुसरा मार्ग सोपा आहे, पण त्यात मेशच्या ॲपमधील काही सोयी बंद होतात. मात्र त्याआधी बाहेरच्या राऊटरला मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर कनेक्शन देणाऱ्याकडेही एक नॅट आहे आणि पोर्ट उघडण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. अशा वेळी स्थिर पत्ता मागून घ्यावा किंवा कॅमेरा त्याच्या कंपनीच्या क्लाउडवरून (इंटरनेटवरील सर्व्हरवरून) पाहावा. कोणताही मार्ग घेतला तरी बाहेरच्या राऊटरचे स्वतःचे वाय-फाय बंद करावे.

माडीवरचा (शनिवार पेठ, सातारा)

सर्वांचे आभार. ओसरीतील वायरीचे एक टोक पुन्हा क्रिम्प करून घेताच वेग १९० च्या पुढे गेला. एक तपकिरी तार आत पोहोचलीच नव्हती. तिसरे युनिट माजघरात दाराच्या रेषेत आणल्यावर परसदारी ४५ च्या आसपास मिळू लागले आहे आणि चालताना आवाज तुटत नाही. प्रिंटरही परत आला. पत्ता १००.७० ने सुरू होत असल्याने कॅमेऱ्यासाठी क्लाउडचाच मार्ग धरला आहे. बाहेरून वायर नेण्यासाठी कौलांवर चढावे लागेल, ते पावसाने उघडीप दिल्यावरच जमेल. तोपर्यंत माडीवरचे युनिट बंद ठेवावे की राहू द्यावे, एवढे कळवावे; तेथे आता कोणी बसत नाही.

वायरमन (करंजे, सातारा)

बंद ठेवावे. वायर परसदारी पोहोचली की तेच युनिट तेथे बसवता येईल, नवीन घ्यावे लागणार नाही.