रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का?

'वडिलांना फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार) निघालाय, म्युटेशनचा (गाठीच्या जनुकांतल्या बदलाचा) रिपोर्ट यायला दोन आठवडे लागतील, तोवर केमो सुरू करावी का?' असं वर विचारलंय. माझ्या आईचा अनुभव सांगते.

आम्ही नाशिकला, सिडकोत. आईने आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढली नाही. एक्स-रेत डाग दिसला म्हणून आधी चार महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. ते महिने आजही सलतात. पुढे बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मुंबईला पाठवला आणि ईजीएफआर पॉझिटिव्ह, एक्झॉन १९ डिलीशन आलं, म्हणजे गाठीतल्या ईजीएफआर जनुकाचा एक छोटा भाग गळालेला. हा बदल आशियाई रुग्णांत, त्यातही धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त आढळतो.

तब्येत थांबू देत असेल तर थांबा, कारण असा बदल निघाला तर केमोऐवजी त्यावरची गोळी देता येते, पण हे डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा. धाप खूप असेल तर ते थांबणार नाहीत. ईजीएफआरबरोबर एएलके आणि आरओएस१ ही जनुकंही तपासलीत ना, तेही बघा. एएलके निघालं तर औषध वेगळं.

आईला ईजीएफआरवरचं औषध दिलं: गेफिटिनिब २५० मिग्रॅ, रोज एक गोळी. अंगावर पुरळ, जुलाब, नखांच्या कडा दुखणं हे झालं, पण दीड महिन्यात ती जिना चढू लागली. ॲसिडिटीची गोळी मनाने देऊ नका, तिने गेफिटिनिब कमी शोषलं जातं. ओसिमर्टिनिब या ईजीएफआरवरच्याच नव्या गोळीबद्दलही विचारा: मोठ्या चाचणीत त्याने आजार सरासरी १८.९ महिने रोखला, गेफिटिनिबसारख्या जुन्या गोळ्यांनी १०.२ महिने. मात्र ते महाग आहे.

रिपोर्ट आला की इथे लिहा, नक्की.