अनुभव धागा : तीस वर्षं कोड लिहिलेल्यांनो, हातचं काही सांगा

ज्यांनी ग्रीन स्क्रीन, डॉस, फॉक्सप्रो, क्लायंट-सर्व्हर, वेब असं सगळं वापरून झालंय त्यांच्यासाठी हा धागा. पहिली नोकरी, पहिला पगार, ऑनसाइटचा पहिला बर्फ यांसाठी वेगळा धागा काढू, इथे नको. इथे असं लिहा की उद्या कुणापुढे तीच जुनी फाइल येऊन पडली तर तुमचा प्रतिसाद उघडून त्याला काम करता येईल. काय बिघडतं, का बिघडतं, कुठे बघायचं. प्रोग्रॅम निवृत्त होतात, डेटा होत नाही. तेव्हा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणताना जे आडवं येतं त्यावर भर द्या.

कोबॉल, मेनफ्रेम

कोबॉल ही मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवरची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा. तिची ओळ ८० रकान्यांची, कारण पंच कार्ड ८० रकान्यांचं. १ ते ६ मध्ये क्रमांक, ७ व्यात खूण (तारा म्हणजे शेरा, आडवी रेघ म्हणजे मागची ओळ पुढे चालू), ८ ते ११ ए विभाग, १२ ते ७२ बी विभाग. ७३ पासून पुढचं कंपायलर वाचतच नाही. साध्या एडिटरमध्ये ओळ लांबली की शेवटचा पूर्णविराम ७३ व्या रकान्यात जातो, इफची अट तिथे संपत नाही आणि खालची वाक्यं अटीच्या पोटात शिरतात. कंपाइल बिनतक्रार होतं. एडिटरमध्ये ७२ वर उभी रेघ आखा आणि पूर्णविरामाच्या भरवशावर न राहता एंड-इफ लिहा. कोबॉल-८५ पासून ती सोय आहे, तरी जुन्या प्रोग्रॅममध्ये पूर्णविरामच भेटतात.

आता सॉक-सेव्हन (एस०सी७), म्हणजे आकड्याच्या जागी आकडा नसल्याची चूक. रात्री दोनला बॅच (रात्री आपोआप चालणारी कामं) पडते तेव्हा बहुतेक वेळा हाच अबेंड (प्रोग्रॅम मध्येच बंद पडणं) असतो. पीआयसी एस९(७)व्ही९९ कॉम्प-३ (चिन्हासह सात अंक, दशांशानंतर दोन, एका बाइटमध्ये दोन अंक कोंबलेले, म्हणजे पॅक्ड) या फील्डमध्ये ९ अंक आणि १ चिन्ह, म्हणजे १० अर्धे बाइट, म्हणजे ५ बाइट. शेवटचा अर्धा बाइट सी असेल तर जमा, डी असेल तर वजा, एफ असेल तर चिन्हाविना. त्या जागी स्पेस आल्या तर ईबीसीडिकमध्ये (मेनफ्रेमची अक्षरांची सांकेतिक पद्धत) ४० ४० ४० ४० ४० दिसतं. शेवटचा अर्धा बाइट ० आणि ० हे चिन्ह चालत नाही. बेरीज करायला गेलं की मशीन हात वर करतं. स्पेस किंवा कचरा येतो कुठून? अख्ख्या रेकॉर्डवर मूव्ह स्पेसेस मारलेलं असतं, किंवा वर्किंग स्टोरेजमधल्या फील्डला व्हॅल्यू दिलेली नसते. मूव्ह स्पेसेसच्या जागी इनिशियलाइझ वापरा, ते आकड्यांच्या फील्डमध्ये शून्य भरतं. शोधताना डंपमधला (प्रोग्रॅम पडला तेव्हाच्या मेमरीची प्रत) ऑफसेट घ्या, कंपाइल लिस्टिंगमध्ये ओळ काढा, मग इनपुट फाइल हेक्स ऑन करून (बाइट सोळा-आधारी आकड्यांत दाखवून) बघा. उलट क्रमाने गेलात तर सकाळ होते.

फाइल पीसीवर आणताना तर हमखास घोटाळा होतो. रक्कम १२३४५.६७ असेल तर बाइट असे: ०० १२ ३४ ५६ ७सी. एफटीपी (फाइल पाठवण्याची पद्धत) टेक्स्ट मोडमध्ये केलं की प्रत्येक बाइट अक्षर समजून बदलला जातो. ७सी म्हणजे ईबीसीडिकमधलं ‘ॲट’चं चिन्ह, ते ॲस्कीमध्ये (पीसीची सांकेतिक पद्धत) ४० होतं. म्हणजे ७ चा ४ झाला आणि चिन्ह गेलं. हे नंतर दुरुस्त होत नाही. मेनफ्रेमवरच पॅक्ड फील्ड उघडून डिस्प्ले करा (प्रत्येक अंक सुटा), साइन लीडिंग सेपरेट द्या (चिन्ह पुढे, वेगळ्या बाइटमध्ये) आणि मग टेक्स्टमध्ये पाठवा. सेपरेट दिलं नाही तर चिन्ह शेवटच्या अंकावर स्वार होतं आणि उणे १ च्या जागी इंग्रजी ‘जे’ दिसतो.

डेटा मायग्रेशन

वरच्या मेनफ्रेमच्या प्रतिसादाशी थोडा मतभेद. मेनफ्रेमच्या बाजूला नवा प्रोग्रॅम लिहून घ्यायचा म्हणजे चेंज रिक्वेस्ट, मंजुऱ्या आणि तीन आठवडे. फाइल बायनरीत घ्या, सोबत कॉपीबुक (रेकॉर्डमधल्या फील्डचा नकाशा) घ्या आणि इकडे उलगडा. दोन पथ्यं पाळा. बायनरीत ओळ संपल्याची खूण नसते, रेकॉर्ड लांबीने मोजायचा. फाइलच्या आकाराला रेकॉर्डच्या लांबीने भागल्यावर बाकी उरली तर पुढे जाऊच नका, कॉपीबुक चुकीचं आहे किंवा रेकॉर्ड कमीजास्त लांबीचे आहेत. दुसरं, कॉपीबुकमध्ये रिडिफाइन्स (त्याच बाइटना दुसरी रचना) असेल तर कोणत्या रेकॉर्डला कोणता अर्थ लावायचा हे कॉपीबुक सांगत नाही, ते प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड टाइप तपासणाऱ्या ओळीत असतं. तो प्रोग्रॅमही मागून घ्या.

फॉक्सप्रो, क्लिपर

पतसंस्था, कारखाने, नगरपालिका, दवाखाने, सगळीकडे डीबीएफ, म्हणजे या दोन्हींची डेटा फाइल. तक्रारही एकच: ‘लाइट गेली आणि फाइल उघडत नाही’ किंवा ‘शेवटच्या नोंदी दिसत नाहीत’.

डीबीएफच्या सुरुवातीला ३२ बाइटचं हेडर असतं. ० पासून मोजलं तर ४ ते ७ या बाइटमध्ये रेकॉर्डची संख्या, ८-९ मध्ये हेडरची लांबी, १०-११ मध्ये एका रेकॉर्डची लांबी. मग प्रत्येक फील्डसाठी ३२ बाइट आणि शेवटी एक बाइट ०डी. रेकॉर्ड लिहिले जातात, पण हेडरमधली संख्या त्याच क्षणी डिस्कवर पोचेलच असं नाही. मध्ये वीज गेली की रेकॉर्ड आहेत आणि संख्या जुनी.

हिशोब असा. फील्ड २० असतील तर हेडर ३२ + ६४० + १ = ६७३ बाइट. (व्हिज्युअल फॉक्सप्रोची फाइल असेल तर आणखी २६३ बाइट धरा.) रेकॉर्ड १५० बाइटचा, त्यात पहिला बाइट डिलीटच्या खुणेचा. फाइल १८,००,६७४ बाइटची आहे. त्यातून ६७३ आणि फाइल संपल्याच्या खुणेचा (१ए) १ बाइट वजा केला तर १८,००,०००; भागिले १५० म्हणजे १२,०००. हेडर ११,९८७ म्हणत असेल तर १३ नोंदी लपल्यात. १२,००० म्हणजे हेक्समध्ये २ईई०. कमी किमतीचा बाइट आधी येतो, म्हणून ४ पासून ई० २ई ०० ०० असं लिहायचं. आधी फाइलची कॉपी, मग हेक्स एडिटर. त्या १३ नोंदी नजरेखालून घाला, शेवटची अर्धवट असू शकते.

त्यानंतर इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची. नुसतं रीइंडेक्स पुरत नाही, कारण कोणत्या फील्डवर इंडेक्स करायचा हे ते सीडीएक्स (इंडेक्सच्या) फाइलमधूनच वाचतं आणि बिघडलेली असते तीच फाइल. सगळे टॅग (त्या फाइलमधले एकेक इंडेक्स) काढून नव्याने बांधायचे. म्हणून टॅगची यादी चांगल्या दिवसात कागदावर लिहून ठेवायची. मेमो (लांब मजकुराचं) फील्ड असेल तर तो मजकूर ठेवणारी एफपीटी फाइल डीबीएफसोबतच हलवायची. बॅकअपमधली डीबीएफ आणि आजची एफपीटी अशी जोडी लावली तर एकाचा पत्ता दुसऱ्याच्या नावावर दिसतो.

आणि बेरीज न जुळण्याचं सर्वांत सामान्य कारण: डिलीट केलेला रेकॉर्ड फाइलमध्येच राहतो, पहिल्या बाइटमध्ये तारा पडतो एवढंच. जुना प्रोग्रॅम सेट डिलिटेड ऑन करून (अशा नोंदी लपवून) बसलेला असतो, तुमची नवी स्क्रिप्ट तारा बघतच नाही. मेलेले सभासद जिवंत होतात. पॅक (अशा नोंदी कायमच्या पुसणारी आज्ञा) मारून मोकळं होऊ नका. तारा पडलेल्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये काढून संस्थेच्या माणसाला दाखवा, त्यात चुकून डिलीट झालेल्या निघतात.

छपाई

छोटीशी भर. आपल्याकडचा जोड कागद बहुधा १२ इंची, म्हणजे ६ ओळी प्रति इंच धरून ७२ ओळी. अमेरिकी प्रोग्रॅम ११ इंच, ६६ ओळी धरून चालतो. प्रत्येक पानाला मथळा इंचभर वर सरकत जातो आणि बाराव्या पानापर्यंत लोक प्रिंटर बदला म्हणायला लागतात. प्रिंटर ठणठणीत असतो. डॉट मॅट्रिक्सला सुरुवातीला २७, ६७, ७२ हे तीन कोड पाठवा, पानाची लांबी ७२ ओळी होते. बारीक अक्षरांसाठी १५, बंद करायला १८.

मराठी डेटा

हा विषय सर्वांनी टाळलाय, म्हणून सविस्तर.

जुन्या फॉन्टमधला मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली देवनागरीची चित्रं. फॉन्ट बदलला की मजकूर बदलतो, म्हणून रूपांतरापूर्वी नेमका फॉन्ट कोणता हे पक्कं करा. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही नकाशा वेगळा असू शकतो. अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफार याच्या उलट: फॉन्टमध्ये अक्षरानंतर, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. ‘मार्मिक’सारखा शब्द चाचणीला घ्या, दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी येतात. वेलांटी जोडाक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवायची असते, नुसत्या पुढच्या खुणेच्या नाही. ‘स्थिती’ चुकलं की समजा तुमच्या प्रोग्रॅमला जोडाक्षर कळलेलं नाही.

युनिकोड झालं म्हणजे सुटलो असंही नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. दिसायला सारखेच, शोधताना वेगळे. ‘ॲ’ तर तीन प्रकारे सापडतो: स्वतंत्र अक्षर, अ ला चंद्र जोडून, आणि हिंदी पद्धतीचा ऍ. एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोडची रूपं एकसारखी करण्याची प्रमाण रीत) यातलं काहीच सुटत नाही. ते र आणि नुक्ता मिळून एकसंध ऱ करतं, तेवढंच. कोणतं रूप ठेवायचं ते ठरवा आणि बाकीची भरतीच्या वेळीच बदलून घ्या.

लांबी. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याची पद्धत) देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट. ‘ज्ञानेश्वर’ मध्ये ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशा १० खुणा, म्हणजे ३० बाइट. ओरॅकल डेटाबेसमध्ये व्हारकॅर२(३०) हा मजकुराचा कॉलम मुळात बाइटमध्ये मोजला जातो. ज्ञानेश्वर बसतो, ज्ञानेश्वरराव आले की ओआरए-१२८९९, म्हणजे मजकूर मावत नाही ही चूक. टेबल करतानाच ३० कॅर (अक्षरं) असं लिहा. एसएमएसचंही तसंच: इंग्रजी १६० अक्षरं, मराठी ७०, आणि संदेश एकाहून लांब झाला की प्रत्येक तुकड्यात ६७. बजेट काढणाऱ्याला हे आधी सांगा, नंतर फार महाग पडतं.

अनुक्रम. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे, आपल्या वर्णमालेत ह नंतर, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. नुसत्या कोडनुसार लावलेल्या यादीत ‘कळंब’ ‘कवठे’च्या आधी येतं आणि ‘क्षीरसागर’ क च्या ढिगात. मराठीचं कोलेशन (अनुक्रमाचे नियम) मागा. हिंदीचं चालेल म्हणणाऱ्याला मतदार यादी लावून दाखवा.

आणि फील्डमध्ये एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ मजकूर गेला. कोणतंही टूल तो परत आणत नाही.

तारीख आणि वेळ

वरच्या प्रतिसादाला +१. माझ्याकडून वेळेबद्दल.

आपली वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळ) साडेपाच तास पुढे. जन्मतारीख टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ एकत्र) म्हणून ठेवली की मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीची १८:३० होते आणि सगळी गिऱ्हाइकं एक दिवसाने म्हातारी होतात. जन्मतारखेला नुसता डेट प्रकार. हिशोबात हेच जास्त बोचतं: १ एप्रिलला रात्री १२ ते पहाटे ५:२९ पर्यंतच्या नोंदी यूटीसीत ३१ मार्चला पडतात, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात. लेखा तारीख वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, ती वेळेवरून काढू नका.

अमेरिकेच्या सर्व्हरवर रात्री २:३० चं काम कधीच लावू नये. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करतात, २ नंतर थेट ३ वाजतात आणि २:३० येतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १ ते २ हा तास दोनदा येतो. न्यूयॉर्कशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा.

२००० सालच्या दुरुस्त्यांत बऱ्याच ठिकाणी वर्ष चार आकडी केलंच नाही, खिडकी लावली: ५० च्या खालचं २०००चं, वरचं १९००चं. ती खिडकी अजून कोडमध्ये आहे आणि लांब मुदतीच्या तारखा तिच्यावर आपटतात. पुढचा मुक्काम २०३८. १९७० पासूनच्या सेकंदांची ३२ बिटी मोजणी २१४७४८३६४७ वर संपते, ती आपल्या वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८:४४:०७ ला. मायएसक्यूएल डेटाबेसचा टाइमस्टॅम्प तिथेच थांबतो. २०१८ नंतरच्या वीस वर्षांच्या गृहकर्जाची शेवटची तारीख आजच त्यापलीकडे आहे. ‘अजून वेळ आहे’ हे मुदतीच्या कॉलमला लागू नाही.

बँकिंग, ताळा

मायग्रेशन झालं हे कशावरून म्हणायचं? रेकॉर्डची संख्या, रकमेची बेरीज, आणि खाते क्रमांकांची बेरीज. तिसरी निरर्थक वाटते, पण एक खातं गळून तेवढ्याच शिलकेचं दुसरं दोनदा आलं तर तीच पकडते. या तिन्ही शाखेनुसार आणि खातेप्रकारानुसार काढा, नुसती एकूण नको. एका शाखेतली वाढ दुसरीतली घट झाकते.

व्याज पैशाने चुकत असेल तर रुपयांसाठी फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरलाय का ते बघा. तसं नसेल तर पूर्णांकनाची रीत. कोबॉलमध्ये राउंडेड लिहिलं नसेल तर पुढचे अंक नुसते कापले जातात. लिहिलं असेल तर अर्धा वर जातो. डॉटनेटचं आणि पायथनचं नेहमीचं राउंड अर्ध्याला सम अंकाकडे नेतं. १२.१२५ चे एकाकडे १२.१३, दुसरीकडे १२.१२. नवीन सिस्टिम ‘बरोबर’ आहे म्हणून वाद घालू नका. जुन्या पासबुकावर जे छापलं गेलंय त्याच्याशी जुळवायचं. निदान चालू वर्षापुरती तरी जुनी रीत नव्या कोडमध्ये उतरवा, आणि बदलायचीच असेल तर १ एप्रिलपासून, लेखी मंजुरी घेऊन. तरीही फरक उरला तर तो कुणा ग्राहकाच्या खात्यात जिरवायचा नाही. वेगळं फरक खातं उघडा, प्रत्येक नोंदीसमोर कारण लिहा, आणि ऑडिटर यायच्या आत ते शून्यावर आणा.