पान परत चढलं, मग रॅममधल्या प्रतीचं काय?
एन्क्लेव्ह, म्हणजे इंटेलच्या एसजीएक्स तंत्राने राखलेला प्रोग्रॅमचा सुरक्षित कप्पा, चालू असताना साधी रॅम का फुगत जाते, हा प्रश्न रास्त आहे. लिनक्समध्ये एसजीएक्सची पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) ईपीसीतून, म्हणजे एन्क्लेव्हसाठी राखीव असलेल्या मर्यादित मेमरीतून, थेट डिस्कवर जात नाहीत. कूटबद्ध होऊन ती आधी साध्या रॅममधल्या शेअर्ड मेमरीत उतरतात. पान पुन्हा ईपीसीत चढलं की ही प्रत निरुपयोगी. पण २०२१ मध्ये लिनक्समध्ये एसजीएक्सची सोय आली तेव्हा कर्नल (लिनक्सचा गाभा) ही प्रत एन्क्लेव्ह बंद होईपर्यंत धरून ठेवायचं. पाहुणे गेले तरी अंथरुणं पसरलेलीच! २०२२ मध्ये ती लगेच सोडायची सोय झाली.

खरी गोम पीसीएमडीत, म्हणजे बाहेर काढलेल्या पानांच्या माहितीच्या नोंदींत आहे. दर पानामागे १२८ बाइटची नोंद, म्हणजे ४०९६ बाइटच्या एका पानात ३२ बिऱ्हाडं. एकाने खोली सोडली म्हणून चाळ पाडता येत नाही. सगळ्या नोंदी शून्य व्हाव्या लागतात. आणि पान रिकामं दिसलं, पण सोडेसोडेपर्यंत रिक्लेमरने (ईपीसीतून पानं बाहेर काढणाऱ्या कर्नलच्या भागाने) तिथे नवी नोंद लिहिली तर? ती नोंद गेली की पान परत चढवणारी ईएलडीयू सूचना फसायची. ही शर्यत त्याच वर्षी वेगळ्या पॅचने (कोडमधल्या दुरुस्तीने) मिटवावी लागली. जुन्या कर्नलमध्ये प्रत लगेच सोडणारा पहिला पॅच तेवढाच उचलून लावणार असाल, तर हा दुसराही सोबत घ्या.