पाण्याकाठचं छोटं घर: आईची खोली कुठे काढावी? मदत हवी आहे

शहरात, अगदी खाडीला लागून आमचा साडेसहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब प्लॉट आहे. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणजे उजेड-वारा काय तो पुढून रस्त्याकडून आणि मागून पाण्याकडून. राहणार पाच जण: आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. आईचे गुडघे पार गेलेत.

आर्किटेक्टने आराखडा उलटा मांडलाय. तळाशी नुसते खांब आणि गाडी, पहिल्या मजल्यावर झोपायच्या खोल्या, दुसऱ्यावर बैठक आणि स्वयंपाकघर. कारण पटतं. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाणी खाडीत जात नाही, उलट गटारातून घरात येतं. शेजारच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला मातकट रेघ आहे, मी हात लावून पाहिली.

मग आईला ठेवू कुठे? तळाशी खोली काढून जोतं ९० सेंमी उचललं, तर १:१२ उताराचा (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) रॅम्प जवळपास ११ मीटर होतो, म्हणजे प्लॉटच संपला! लिफ्ट घ्यावी, तर तिचा खड्डा जमिनीच्याही खाली. तो आधी भरणार.

दुसरं, मागची बाजू पश्चिमेला आहे. संध्याकाळी पाच वाजता तिथे खुर्ची टाकून बसलो, तर ऊन वरून कमी आणि पाण्यावरून जास्त डोळ्यात येत होतं. छज्जा तिथे काय कामाचा? काचेची मोठी भिंत हवी असा बायकोचा हट्ट आहे, (तो माझाही आहे, कबूल करतो).

प्रतिसाद १:
स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर आणा आणि त्याला लागून आईंची खोली. दिवसभर माणसं असतात तिथे त्या असू देत, मुलांना पाठवा वर. घरगुती लिफ्टचे उथळ खड्ड्याचे प्रकार मिळतात. यंत्रणा वरच्या टोकाला घ्या आणि पाणी चढायला लागलं की लिफ्ट वर नेऊन बंद करा. विजेचा मीटरही पहिल्या मजल्यावरच हवा. गटाराच्या जोडणीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) विसरू नका.

काचेला बाहेरून उभ्या, फिरवता येणाऱ्या पट्ट्या लावा. आतले पडदे ऊन आत आल्यावर अडवतात. कठड्याला ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील घेऊ नका, खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी डाग पडतात. ३१६ घ्या. आणि कठड्याचा वरचा दांडा बसलेल्या माणसाच्या नेमका डोळ्यांसमोर येतो, तेव्हा आधी त्या उंचीला लाकडी फळी धरून बघा.

धागाकर्ता:
स्वयंपाकघर खाली आणायचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार. एकच शंका. पुरात वीज हमखास जाते. लिफ्ट मध्येच अडकली तर बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन दार उघडते का? ती जर तळालाच येत असेल, तर आई थेट पाण्यात उतरेल.