मणक्याचा पॅजेट: इंजेक्शनआधी काय बघायचं?

खानापूरकर
रुग्ण पुरुष, वय ६४. कंबरदुखी, रात्री जास्त. कमरेचा तिसरा मणका (एल-३) मोठा दिसतो, कडा जाड. रिपोर्टात ‘पिक्चर फ्रेम’ (तसबिरीच्या चौकटीसारखा मणका) लिहिलंय. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड आणि यकृतातून येणारं एन्झाइम) वाढून ४१०, कॅल्शियम नॉर्मल. डॉक्टरांनी पॅजेट हा हाडांचा आजार सांगून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हे हाडाची झीज रोखणारं इंजेक्शन सुचवलंय. गावात कुणी हा आजार ऐकलेला नाही. घरचे म्हणतात, बोअरच्या पाण्यानं झालं असेल. आधी काय तपासून घ्यावं?

ऑर्थो_बेळगाव
पॅजेटमध्ये हाड खाणाऱ्या पेशी चेकाळतात, आणि त्यांची भरपाई करायला बांधणाऱ्या पेशी घाईत हाड रचतात. गवंड्यानं ओळंबा न लावता उभी केलेली भिंत जशी, तसं ते हाड: जाड पण कमजोर. फॉस्फेटेज वाढतं ते याच घाईमुळं.

आधी निदान पक्कं करा. फॉस्फेटेज यकृताकडूनही वाढतं, म्हणून जीजीटी (यकृताची रक्ततपासणी) करा. ते नॉर्मल आलं तर रोख हाडाकडे. या वयाच्या पुरुषात पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) करायलाच हवं, कारण प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरला तरी एक्स-रेत मणका दाट, पांढरा दिसू शकतो. एकदा पूर्ण बोन स्कॅन करा, आणखी कुठली हाडं धरलीत ते कळतं.

पाण्याची शंका रास्त आहे. पण फ्लोरोसिस (पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं होणारा हाडांचा आजार) एकाच मणक्याला धरून बसत नाही, सगळा कणा आणि कटीची हाडं दाट होतात, अस्थिबंधांत चुना साचतो. कोपराखालच्या हाताचा एक्स-रे काढा. दोन हाडांमधल्या पडद्यात चुना दिसला तर पाणी तपासायला द्या.

निपाणी_फार्मसी
बाटली नीट बघून घ्या. पॅजेटला ५ मिलिग्रॅम, १०० मिलीत तयार येते. ४ मिलिग्रॅमची कुपी कॅन्सर रुग्णांसाठी असते. सलाईन १५ मिनिटांच्या आत संपवू नका, भरभर सोडलं की मूत्रपिंडावर येतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतं त्याचं माप) मिनिटाला ३५ मिलीच्या खाली असेल तर हे औषध नाही. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायचं, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बंद.

ड जीवनसत्त्व कमी असताना इंजेक्शन घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ओठ-बोटांना मुंग्या, पेटके येतात. म्हणून आधी ड भरून काढा. नंतरचे दोन आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, विभागून. इथं गफलत होते: कॅल्शियम कार्बोनेटच्या १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० च असतं. म्हणजे दिवसाला तीन गोळ्या. दात काढायचा असेल तर इंजेक्शनआधी उरका. पहिले दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते; पॅरासिटामॉल पुरतं.

खानापूरकर
आभारी आहे. वर्षातून एकदा घ्यावं लागेल का? आणि कंबर रगडून घेतली तर चालेल?

ऑर्थो_बेळगाव
दरवर्षी लागतंच असं नाही. एका डोसचा परिणाम बहुतेकांत वर्षानुवर्षं टिकतो. तीन ते सहा महिन्यांनी फॉस्फेटेज करा, मग वर्षाला एकदा. ते पुन्हा चढलं किंवा दुखणं परतलं तर दुसरा डोस.

फॉस्फेटेज उतरलं आणि कंबर तरी दुखतेय, असं बऱ्याचदा होतं. मणका फुगल्यानं शेजारचे सांधे झिजतात, नसांची वाट अरुंद होते. ते दुखणं या औषधाला बधत नाही. चालताना पाय भरून येतात आणि बसलं की सुटतात का, ते विचारा. तसं असेल तर एमआरआय.

रगडणं, पाठीवर पाय देणं, ‘कटकन’ आवाज काढून मणका बसवणं, सगळं बंद. पायात जोर नाही, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी बेळगाव गाठा, सकाळची वाट बघू नका.