नव्या एसएसडीवर विंडोज नेताना

जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, नव्या एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) घेऊनही लॅपटॉप सुरू का होत नाही, असा प्रश्न एकाने विचारलाय. बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह कॉपी केलेला असतो. यूईएफआय (लॅपटॉप सुरू करणारी नवी प्रणाली) असलेल्या लॅपटॉपमध्ये बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फाइली डिस्कच्या वेगळ्या, साधारण १०० एमबीच्या भागात, म्हणजे ईएफआय पार्टिशनवर असतात. ते मागे राहिलं तर नव्या डिस्कवर विंडोज असूनही बूट होत नाही. म्हणून क्लोन नेहमी पूर्ण डिस्कचाच करा.

त्याआधी बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघाच, कळकळीने सांगतो! बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेलं असतं. हे कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि क्लोन होईपर्यंत बिटलॉकर बंद ठेवा.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढलेलीच बरी. क्लोनमुळे दोन्ही डिस्कची ओळख एकच असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन, म्हणजे वापरातून बाद करू शकतं.

जुन्या डिस्कवर बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) असतील तर मात्र क्लोनच्या नादी लागू नका. आधी डेटा बाहेर काढा, मग विंडोज नव्याने टाका. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डशी) जोडलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलल्यावर विंडोजची प्रॉडक्ट की सहसा पुन्हा लागत नाही.